पिवळ्या न पडलेल्या हेडलाइटची सकाळ
गाडीच्या पॉलिशचा वास आला की मला गडचिरोलीतलं आमचं वॉशिंग सेंटर आठवतं आणि मोहफुलांच्या दिवसांतली ती सकाळ. उन्हं तापायला लागली होती. एक पांढरी गाडी येऊन थांबली आणि इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस उतरला. "हेडलाइट पिवळे पडले, चमकवून द्या. लवकर," तो म्हणाला. नवरा पाण्याची मोटर सुरू करायला गेला आणि मी ओला पॉलिश पेपर घेऊन दिव्यापाशी बसले. काच मुळीच पिवळी नव्हती. तिला ताजी चीर गेली होती, आणि खालच्या फटीत हिरव्या बांगडीचा तुकडा अडकला होता, त्याला लांब केस गुंडाळलेला. "काऊन थांबली बाई?" गाडीवाला पाठीमागे येऊन वाकला. "काही नाई भाऊ. वरून कोटिंग लावतो, वाळेपर्यंत गाडी हलवू नका," असं म्हणून मी आत गेले आणि नवऱ्याला सांगितलं. त्यानं पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत मी कोरडंच फडकं काचेवर फिरवत राहिले. पोलिसांना गाडीवाला म्हणाला, "रोही आडवी आली, साहेब," नीलगाईवर ढकलून मोकळा झाला. पण बांगडीचा तुकडा अन् केस समोर धरल्यावर शेवटी त्यानं जागा दाखवली. मुलचेऱ्याच्या रस्त्याकडेच्या नाल्यात पहाटे मोहफुलं वेचायला निघालेली बाई पडली होती, जिवंत. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "तो उतरला होता. माह्या तोंडावर बॅटरी मारून पाह्यलं, अन् निंगून गेला." हे लिहिताना डोळ्यांवर येणारा दिव्याचा उजेड नकोसा झाला, म्हणून मी खोलीतून उठून उन्हात येऊन बसले आहे.