थांब म्हणायचा हक्क

विलासभाऊजी गेल्याचा फोन सकाळी सांडोरच्या सेवागृहातून आला, तेव्हा मी ओट्याशी उभी होते. "शांतपणे गेले," सिस्टर म्हणाल्या. भाऊजी शांतपणे काही करतील यावर माझा विश्वासच बसेना. माझ्या नवऱ्याचे हे धाकटे भाऊ, वसईत आमच्याच मजल्यावर समोर राहायचे, आणि हसले की तळमजल्यापर्यंत कळायचं. रडू फुटायच्या आधी मला धडकी भरली ती केतकीची. त्यांची ही एकुलती मुलगी त्या वेळी बापाची मोटरसायकल घेऊन कन्याकुमारीहून परत येत होती, कोल्हापूरच्या अलीकडे हायवेवर. आणि तिला थांब म्हणायचा हक्क एकट्या माझ्याकडे होता.

हे हक्काचं प्रकरण आधी सांगायला हवं. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलेल्या माणसांना या सेवागृहात सांभाळतात. भाऊजींची बायको सुनंदा शेवटी तिथेच होती. सेवागृहाकडे स्वतःची गाडी नव्हती, म्हणून तिला भाजीच्या टेम्पोतून न्यावं लागलं... दर खड्ड्याला ती भाऊजींचा हात आवळत होती. ते त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. वालीवचा आपला छोटा कारखाना सांभाळत त्यांनी ठरवलं, मोटरसायकलवरून वसई ते कन्याकुमारी आणि परत, ठरल्या मुदतीत. मोहीम पुरी झाली तर सेवागृहाच्या रुग्णवाहिकेसाठी पैसे द्यायचं बऱ्याच जणांनी कबूल केलं. त्यांच्या मोटरसायकलवाल्या मंडळींचा नियम असा, की लांब पल्ल्याला निघणाऱ्याने घरचं एक माणूस नेमायचं. त्याने थांब म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. आपण दमलोय हे चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं म्हणे. भाऊजींनी मला नेमलं. "वहिनी, तुम्हाला माझी अजिबात दया येत नाही, म्हणून!"

तयारीत त्यांनी सोसायटीला वेड लावलं. कंबरेला सवय व्हावी म्हणून पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर चढवून तासन्‌तास नुसते बसायचे, तेही भर उन्हाळ्यात जाड जॅकेट घालून. शेजारणी मला विचारायच्या, "कुठवर पोचले?" मीही सांगायची, "आत्ताच गोवा सोडला."

शेवटच्या सरावाला मी मंडळींच्या कारमध्ये, त्यांच्या मागे होते. मनोरच्या अलीकडे टपरीवर चहाला थांबलो. भाऊजी हेल्मेट काढायला गेले आणि बोटं हनुवटीखाली जायच्या ऐवजी कानाशी फिरायला लागली. मग खांद्यावर. मग परत कानाशी. "पट्टा कुठे गेला रे?" म्हणून हसले. सगळेच हसले. पट्टा हनुवटीखालीच होता.

"भाऊजी, थांबा."

"वहिनी, निघायचं आठवड्यावर आलंय हो."

"थांबा म्हटलं ना."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि कारमध्ये जाऊन बसले. तपासण्यांत मेंदूत गाठ निघाली. बरी होण्यातली नव्हती.

किल्ली मग केतकीने मागून घेतली. भाऊजींनी तिला आधी घरातून आणि मग सेवागृहातल्या खाटेवरून शिकवलं, वळण कसं घ्यायचं, ट्रकच्या मागे किती राहायचं. तिनेही मलाच नेमलं. निघताना तिचा पाय निघेना, तर तिच्यावर ओरडले, "माझ्या उशाशी बसून रुग्णवाहिका येणार आहे का?" ती खाली गेल्यावर मला जवळ बोलावलं. "वहिनी, मला काही झालं तरी तिला थांबवायचं नाही. शब्द द्या." मी पाण्याचा पेला पुढे केला. शब्द काही दिला नाही...

आणि आता तो फोन आला होता. थांबवलं तर मुदत हुकणार, जाणाऱ्या माणसाचं शेवटचं मागणं मोडणार. नाही थांबवलं तर पोरगी हसत सेवागृहाचा जिना चढून येणार, बापाला सांगायला, की मी आले म्हणून. मला ते बघवलं नसतं. नंबर लावला. तिच्या हेल्मेटमधून वारा घोंघावत होता. "बोल काकू!" आवाजात केवढा आनंद! धावत्या गाडीवर तिला काही कळता कामा नये, एवढंच मी मनात घोकत होते.

"केतकी, थांब. सावकाश बाजूला घे."

हॉर्न ऐकू आले. एक ट्रक अगदी जवळून गेला. मी ओटा घट्ट धरला. मग इंजिन बंद झालं.

"थांबले." "काकू... बाबा?"

"हो गं."

एका पेट्रोलपंपावर मोटरसायकल ठेवून ती मागून येणाऱ्या मंडळींच्या कारने आली. संध्याकाळी अग्नी तिनेच दिला. मुदत अर्थात हुकली.

दहाव्यानंतर पाहुणे गेले तेव्हा मी तिला सांगून टाकलं, की तुझ्या बाबांनी नको म्हटलं असतानाही मी तुला थांबवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला तर उलटंच सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, काकू थांब म्हणाली की थांबायचं. मी तिला काहीही सांगितलेलं असू दे."

मला एक, तिला एक! मी आधी खो खो हसले. आणि मग, ते गेल्यापासून पहिल्यांदाच, रडले.

मदत कबूल केलेल्यांपैकी काहींनी हात आखडता घेतला, काही थांबायला तयार आहेत. येत्या रविवारी केतकी त्याच पंपावरून पुढे निघते आहे. फोन मीच सांभाळणार. भाऊजींच्या गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून त्यांची खुर्ची आहे, त्या उंच माणसाने कारखान्यात स्वतःच्या मापाने बनवलेली. काल तिच्यात बसून पाहिलं. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत.