राहिलेलं चौथं शिखर

गेल्या सप्टेंबरात चार शिखरांची फेरी करायला निघालो, तेव्हा बायकोने पाठीवरच्या सॅककडे नाही, माझ्या पोटाकडे पाहिलं. म्हणाली, "पुढेही एक भरलेली आहेच की."

पण मला जायचंच होतं. पंचवीस वर्षांपूर्वी लालबागच्या आमच्या चाळीतला माझा मित्र आणि मी याच फेरीवर गेलो होतो. तिसऱ्या शिखरावर त्याला सडकून ताप भरला. चौथं अगदी समोर होतं, तरी मी त्याला खांद्याला धरून खाली आणलं. तेव्हाच ठरलं, चौथ्यावर जायचं ते दोघांनीच. पुढे तो परळच्या टॉवरमध्ये गेला, मी दादरला आलो, पोरं कॉलेजात गेली. ते शिखर तसंच राहिलं. आता पुन्हा आम्ही दोघंच निघालो होतो.

पहिल्या शिखरावर लख्ख ऊन. सोनकीच्या पिवळ्या फुलांचे फोटो काढायला मी सारखा थांबत होतो. खरं कारण दम. दुसऱ्यावर वाऱ्याने माझी टोपी नेली. तिसऱ्यावर ढगच अंगावर आला आणि पाच मिनिटांत दोघेही निथळायला लागलो. कसेबसे खालच्या खिंडीत उतरलो.

"काही दिसत नाही रे. चौथं कॅन्सल," तो म्हणाला. "तू इथे बस, मी गावात उतरायची वाट शोधून येतो."

"मी पण येतो ना."

"बस रे गपचूप. उगाच गुडघ्यांना त्रास."

मला भरूनच आलं. काय काळजी करतो माझी! कातळाच्या आडोशाला बसून मी डबा उघडला, त्याच्या वाटणीचे धपाटे फडक्यात गुंडाळून ठेवले आणि माझे खाल्ले. तास उलटला. धुकं निघालं, पुन्हा ऊन पडलं, तरी हा येईना. पाय घसरला असेल या भीतीने मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या.

शेवटी तो आला. कपाळावर हा एवढा मोठा शेंदूर घेऊन.

या फेरीत देव एकच, चौथ्या शिखरावरचा शेंदूर फासलेला दगड. आणि आम्ही लालबागची माणसं. शेंदूर दिसला की बोट आपोआप दगडाला लागतं, तिथून कपाळाला. त्यात डोकं वापरायची पद्धत नाही.

"मिळाली वाट?" मी विचारलं.

"मिळाली ना."

"कपाळाला काय लागलंय?"

त्याचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. "अरे, धुकं एकदम उघडलं... आणि तुला घेऊन गेलो असतो तर काळोख झाला असता. स्लो झालायस तू."

खोटं नव्हतं ते. पण तापाने फणफणलेला असताना तो किती फास्ट चालत होता, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्याने पानात बांधून आणलेला शेंदूर पुढे केला. "तुझ्यासाठी पण आणलाय. लाव."

"नको," मी म्हणालो आणि त्याचे धपाटे त्याच्या हातात दिले. त्याने ते खाल्लेही. भूक लागली होती म्हणे.

उतरताना आम्ही फक्त पावलांपुरतं बोललो: इथे निसरडं आहे, तिथे धर. माझा फोन भिजून बंद पडला होता, म्हणून गावाजवळ रेंज येताच बायकोचा फोन त्याला आला.

"झाली वहिनी, चारही झाली!" तो म्हणाला. "दोघांनी मिळून." आणि माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला, जणू मला भेटच दिली.

मी फोन काढून घेतला. "तीन," म्हणालो. "माझी तीन झाली. चौथ्यावर हा एकटा गेला."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"खिंडीत. डब्याजवळ."

एरवी एवढ्यावर ती अर्धा तास हसली असती.

"या घरी," ती म्हणाली.