कोणत्या कुशीवर?

उकंडाकाका कधी बसत नसत. उभ्यानेच बोलत, आणि बोलताना पांजरपोळाच्या किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात फिरत राही. त्या खणखणाटाने आमच्या अंगणातली सुस्त दुपारही चाळवली जाई.

खामगावातल्या त्या पांजरपोळाचे ते राखणदार. थकलेले बैल, कसायाच्या दावणीतून सोडवलेल्या शेळ्या. हवेत सरकीच्या पेंडीचा ऊबदार वास आणि जिनातून उडून आलेले कापसाचे तंतू. त्या तंतूंतून एक करडी शेळी माझ्याकडे पाहत होती. तिचा डावा डोळा दुधासारखा पांढरा होता. मी दहा वर्षांची, वडिलांबरोबर तिथे गेले होते. तिच्यावाचून घरी जाणार नाही, असा हट्ट धरला.

"नेजो," काका म्हणाले. "पन आठ बाजार मी पाह्याले येईन. जमलं नाही, त घेऊन जाईन."

तेव्हापासून बाजाराचा दिवस उजाडला की मी सकाळीच गोठा झाडून ठेवी. पहिल्याच खेपेला मी तिचे नाव सांगितले, गळ्यातली घुंगरे वाजवून दाखवली.

"नाव राहू दे. झोपते कोन्त्या कुशीवर, ते सांग."

मला सांगता येईना. त्यांनी दावे सोडायला हात घातला. वडील हसून म्हणाले, "काका, शेळी दिलीत की लेक?"

"लेक देल्यावर बी कोनी पाह्यत नाही, साहेब. म्हनून त मी येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माया आंधीचे चार लेकरं गेले. मंग मायनं मले उकिरड्यावर ठेवलं, अन् शेजारनीनं उचललं. म्हनून मी उकंडा. उचलनं सोपं हाये, बाई. उचलल्यावर पाहा लागते."

दावे पुन्हा खुंट्याला बांधले गेले. मुदत एका बाजाराची.

ते आठ दिवस मी गोठ्याच्या उंबऱ्यावर काढले. ती बसे, उठे, गिरकी घेई, पुन्हा बसे. हळूहळू उमगले: आंधळा डोळा भिंतीशी टेकला आणि पाहता डोळा दाराकडे राहिला, तरच तिचा श्वास संथ होई.

"डाव्या कुशीवर," मी बाजाराच्या दिवशी म्हणाले. "दार दिसलं नाही, तर तिला झोप येत नाही."

जुडगा क्षणभर थांबला. "हाव. आता तुयी झाली."

तरी ते येतच राहिले. आठ बाजार सरले, वर्षे सरली. मग एका बाजाराला आले नाहीत, म्हणून मीच पांजरपोळात गेले. उन्हाची तिरीप नको म्हणून कोणीतरी त्यांची खाट फाटकाकडे पाठ, भिंतीकडे तोंड करून टाकली होती. ते तळमळत होते. सुकलेल्या बोटांत किल्ल्या सारख्या वाजत होत्या. "तापाचं हाये," त्यांची सून म्हणाली.

मी तिला खाटेचे दुसरे टोक धरायला सांगितले. दोघींनी मिळून खाट फाटकाकडे वळवली.

किल्ल्या थांबल्या.