तिच्या परिचयातलं चौथं वाक्य

निवृत्तीनंतर दोन वर्षं, दर रविवारी सकाळी, सुरतेतल्या भेस्तानच्या एका बुद्धविहारात मी मुलांना स्वतःची ओळख करून द्यायला शिकवत होतो. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची. कोणी ‘तू कोण?’ असं विचारलं की ती शेठपासून सुरुवात करत. पप्पा कोणत्या शेठकडे आहेत, खोली कोणाची आहे, आणि सर्वांत शेवटी स्वतःचं नाव. दारात आलेल्या अनोळखी माणसानं आजवर याच क्रमानं विचारलं होतं.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे दुरुस्त करणं सोपं वाटलं. महत्त्वाचं आधी, आणि महत्त्वाचं म्हणजे तू स्वतः. पाच वाक्यं, अर्धं मिनिट.

त्यांच्यात आठवी संपवलेली एक मुलगी होती. तिची मराठी शाळा तिथंच संपत होती. पुढची शाळा गुजराती माध्यमाची. तिथल्या मुख्याध्यापिका तिला भेटून नववीत घ्यायचं की पुन्हा आठवीत बसवायचं, हे ठरवणार होत्या. पुन्हा आठवी म्हणाल्या तर शाळा बंद, असं वडिलांनी घरात सांगून टाकलं होतं.

तिनं वहीत चौथं वाक्य लिहिलं होतं : ‘मी आईबरोबर साड्यांवर खडे चिकटवते.’ शाळेला ते बरं दिसणार नाही असं वाटून मी ते खोडलं.

“त्याऐवजी ‘मला वाचनाची आवड आहे’ असं लिही.”

“पण सर, मी कुठे वाचते?”

“सगळेच म्हणतात तसं.”

“वाचते ना, सर!” मागून एक मुलगी ओरडली. “शाम्पूच्या पुडीवरचं!”

वर्ग हसला. तिनं वाक्य गुजरातीत केलं आणि पाठ केलं.

भेटीच्या दिवशी वडिलांची पाळी होती, म्हणून तिची आई आणि मी गेलो. आई दाराबाहेर उभी राहिली. पहिली तीन वाक्यं स्वच्छ झाली. गुजराती ती गल्लीतच शिकली होती. चौथं झालं आणि मुख्याध्यापिकांनी विचारलं, “शुं वांचे छे?”

काय वाचतेस, एवढंच. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. लोकांच्या बातम्यांतलं न तपासलेलं वाक्य मी नोकरीभर काढत आलो होतो. हे मी स्वतः घातलं होतं.

“कंई नथी वांचती, बेन. ए तो सरे लखाव्युं छे.” काही वाचत नाही, ते सरांनी लिहायला लावलंय. मग तिनं खोडलेलं वाक्य सांगितलं.

मुख्याध्यापिका माझ्याकडे न पाहता पुढे विचारत गेल्या. एका फुलाला खडे किती? चोवीस. एका बॉर्डरला फुलं? पन्नास. मग खडे?

“बाराशे. पदराचे वेगळे. आधी मोजावं लागतं, बेन. पाकिटात कमी निघाले तर काम अडतं.”

“कोण मोजतं?”

“मी. मम्मी फुलं पाहून घाबरते.”

त्यांनी फळ्यावर आणखी तीन गणितं दिली. एक चुकलं. तिनं स्वतःच पाहिलं, ओढणीच्या टोकानं पुसलं आणि पुन्हा केलं. मग एक उतारा वाचायला दिला. ती अडखळली, पण थांबली नाही.

मुख्याध्यापिकांनी अर्जावर सही केली आणि माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाल्या, “साहेब, ये पढने का शौक आपका होगा.”

“हो,” मी म्हणालो. छातीवरचं ओझं उतरलं होतं. टोमणा लागला नाही.

बाहेर आईनं मुलीचा हात धरला. “काय व्हयनं?”

“नववी.”

“आठवी नही ना?”

“नही वं, मम्मी. नववी.”

आईनं अर्ज मागितला. तिला वाचता येत नव्हतं. मुलीनं तिचं बोट धरून आकड्यावर ठेवलं. आई मग व्हरांड्याच्या पायरीवर बसली. सकाळपासून ती उभीच होती. “थांबा हो सर, जरा बसू द्या,” म्हणाली आणि चपला काढून पाय पसरले.

मीही बाजूला बसलो. मुलगी वर्गांच्या दारांवरच्या पाट्या वाचत नववीचा वर्ग शोधायला गेली.