आत्यांचा मुक्काम

माझ्या नवऱ्याच्या आत्यांना जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडा, पंधरा मिनिटांत त्या तिथे बस्तान मांडतात. फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्यांनी बाकावर पंचा अंथरला, चष्म्याचं घर उजवीकडे आणि पाण्याची बाटली डावीकडे ठेवली, तर एक जर्मन गृहस्थ शेजारी बसण्याआधी त्यांची परवानगी मागायला लागला. जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला आमच्या घरी आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझा मिसळणाचा डबा त्यांच्या पद्धतीने लागला होता. इमारतीचा जिना पुसायची आमची पाळी आली, तेव्हा आत्यांनी जिना पुसून दारात रांगोळीसुद्धा काढली. समोरच्या फ्राऊ, म्हणजे जर्मन बाई, कुणाची सायकल बोटभर पुढे आली तरी चिठ्ठी लावणाऱ्या. त्यांनीही पुढच्या आठवड्यात रांगोळी सोडून कडेकडेने फरशी पुसली. आत्या 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', हा एकच जर्मन शब्द शिकल्या होत्या आणि तेवढ्यावर त्या फ्राऊंशी तासतासभर बोलायच्या.

तेहतीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. दर थोड्या वर्षांनी बदली, की पुन्हा कुणाच्या तरी घरातली एक खोली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, सांगलीला राहायला आल्या. हॉलमधला दिवाण त्यांचा, आणि पाहुणे यायच्या आत गादी गुंडाळायची. त्यांना कधी कुणी एका शब्दाने दुखावलं नाही हो, उलट सगळ्यांचा त्यांच्यावर जीव. तरी एकदा भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "सांगलीत एक खोली बघून ठेवलीय. एकटीने राहावं म्हणते. जमेल की नाही ते कळेना. इथून जायच्या आत ठरवायचंय." खरं सांगते, मला ते मुळीच पटलं नव्हतं. या वयात एकटं राहायचं म्हणजे काय? शिवाय लोक सासऱ्यांना नावं ठेवणार.

तेवढ्यात नवऱ्याने सहल आखली. आठ दिवस आणि उत्तरेकडच्या चार राजधान्या. आत्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून वाचला आणि परत दिला. "ही सहल आहे की बदली?" म्हणाल्या. "लहानसं एक गाव धरा. रोज तिथून हिंडून या. मी मागे घर सांभाळते. तेवढंच एकटीने राहून बघणं होईल." असं आमचं आइसलँडचं रेक्याविक ठरलं. राजधानी म्हणायची, पण पसारा आपल्या मिरजेएवढा. धबधबे, उकळत्या पाण्याचे फवारे, सगळं सकाळी बसने जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं.

तिथे आम्ही दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं. अर्थात पंधरा मिनिटांत संसार लागला. गरम पाण्याच्या नळाला अंड्याचा वास येत होता. आत्यांनी जन्मात अंडं शिवलेलं नाही, म्हणून रोज आंघोळ झाली की त्या देवाची माफी मागायच्या. तिथला जून म्हणजे सूर्य मावळायचं नावच घेत नाही. मग दिवा लावायचा कधी? त्यांनी सांगलीची वेळ धरली आणि भर दुपारी दीड वाजता निरांजन लावून शुभंकरोति म्हटलं. आम्ही मात्र बसमधून हिंडत होतो, आणि माझं निम्मं लक्ष त्यांच्याकडे. मी दोनदा फोन केला. "मी बरी आहे. तू धबधबा बघ," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला सोबत म्हणून कुणीतरी थांबतंच. डोकं दुखतंय असं सांगून मी मागे राहिले. आत्यांनी माझ्या कपाळाला सुंठ लावली आणि शांतपणे म्हणाल्या, "सोबतीला थांबलीस ना? मग आजचा दिवस धरायचा नाही." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की सुंठेची आगसुद्धा जाणवली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो आणि मी एकदाही फोन केला नाही. संध्याकाळी परत आलो तर दार आतून बंद. बेल वाजवल्यावर "कोण?" असं विचारून त्यांनी दार उघडलं, आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, दिवसभर काय केलंत?

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "दोनला जेवले. कारण भूक दोनला लागली."

बाईंचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. त्या क्षणी मला कळलं की मी उगाच लोक काय म्हणतील याची काळजी करत होते.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी सांगलीला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. "अरे, मी ती खोली घेतेय," त्यांनी सरळ सांगून टाकलं. पलीकडून सासऱ्यांचा भरून आलेला आवाज मलाही ऐकू आला, "ताई, आमचं काय चुकलं?"

"काही नाही रे," आत्या म्हणाल्या. "चुकलं असतं तर कधीच निघून गेले असते. तुमचं काही चुकलं नाही, म्हणून तर इतकी वर्षं राहिले."

फोन ठेवून त्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. त्यांचा व्हिसा अजून महिनाभर होता, पण खोली लावायची म्हणून त्या पुढच्याच आठवड्यात निघाल्या. मला त्यांची चांगलीच सवय झाली होती. विमानतळावर त्यांना आणखी राहा, असं म्हणावंसं फार वाटत होतं. पण मी म्हणाले नाही.