मुलुंडहून अंधेरीला, युरोपचे नियम शिकायला

मुलुंडहून अंधेरीला जाणं हा प्रवास आहे, असं आज कुणी म्हणणार नाही. घाटकोपरला मेट्रोत बसलं की अर्ध्या तासाच्या आत माणूस पलीकडे. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तसं नव्हतं. आमच्याकडचे लोक पुण्याला सहज जायचे. अंधेरीला निघालं की मात्र विचारायचे, "तिकडे काय काम काढलंस?"

माझं काम सांगायला वेळ लागायचा. मी मराठी घेऊन एम. ए. झाले होते आणि मुलुंड पश्चिमेला सबनीस नावाच्या पेटंट एजंटच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात नोकरी करत होते. कुणी नवं यंत्र शोधून आणलं की त्याचं वर्णन लिहायचं आणि शेवटी दावे लिहायचे. दावा म्हणजे एकच वाक्य. माझं काय आहे आणि ते कुठपर्यंत माझं आहे, एवढं सांगणारं. मला लांब वाक्यांची भीती नव्हती. त्यावर नोकरी मिळाली.

त्या डिसेंबरात अंधेरी पूर्वेला पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. युरोपात पेटंटच्या अर्जाची तपासणी कशी होते, हे शिकवायला म्युनिकहून एक निवृत्त परीक्षक येणार होते. आमच्या ऑफिसला एकच जागा मिळाली आणि सबनीस साहेबांच्या गुडघ्याला बसची पायरी झेपत नव्हती.

"तू जा," ते म्हणाले. "आणि परबांची फाइल डोक्यात ठेवून जा. शनिवारी त्यांच्या अर्जाचं पार्सल म्युनिकला निघतंय."

दत्ताराम परब मूळचे मालवणकडचे, गिरणीत फिटर होते. संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा उघडली नाही. घाटकोपरला, असल्फ्याच्या बाजूला, त्यांनी एक गाळा घेतला, त्यात जुना माग बसवला आणि त्या मागासाठी एक यंत्र केलं. धागा ढिला पडला की तो तुटायच्या आधीच माग थांबायचा. सगळी करामत पत्र्याच्या एका डब्यात. जर्मनीतल्या एका माग बनवणाऱ्या कंपनीला त्यांनी पत्र टाकलं होतं. उत्तर आलं: युरोपात तुमचा अर्ज दाखल असेल तर बोलू. परब तेव्हा पन्नाशीचे होते. त्या उत्तरापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं.

सोमवारी सकाळी साडेसातला निघाले. आईने डबा दिला आणि वर एक जास्तीचा डबा. "अडकलीस तर?"

रस्ता असा होता. स्टेशनसमोरून बस, आग्रा रोडने भांडुप, पुढे गांधीनगरचा नाका. तिथे उतरून दुसरी बस. ती डोंगराच्या कडेने पवईला चढायची. तलावाच्या एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आज तिथे उंच इमारती आहेत, तेव्हा म्हशी होत्या. साकीनाक्याला कारखान्यांचे भोंगे आणि रबराचा वास. तिथून मरोळ पायी. दोन्ही तिकिटं मिळून खर्च दोन रुपयांच्या आत, वेळ दीड तास. खिडकी उजवीकडची धरावी, तलाव त्या बाजूला लागायचा.

औद्योगिक वसाहतीतला एक हॉल. आम्ही पंधरा जण, त्यांत बाई मी एकटी. शिकवणारे डॉ. केलर उंच, वाकलेले, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली आणि मधोमध एक उभी.

"युरोपातला दावा दोन तुकड्यांत लिहा," ते म्हणाले. "डावीकडे जगाला आधीपासून ठाऊक आहे ते. उजवीकडे तुमचं. जास्तीत जास्त भांडणं ही रेघ कुठे मारायची यावरून होतात."

मला ते आवडलं. कॉलेजात पाच वर्षं काढली, पण एवढ्या चोख वाक्याची अपेक्षा माझ्याकडून कुणी केली नव्हती. दुपारभर ते अर्जाचा प्रवास सांगत होते. आधी शोध, मग तपासणी, तीन परीक्षकांचं मंडळ, त्यांची पत्रं, उत्तराला मुदत, जमलंच नाही तर समोरासमोर सुनावणी. पेटंट मिळाल्यावरही नऊ महिने कुणीही येऊन विरोध करू शकतो. मी वहीची वीस पानं भरली.

मंगळवारी नावीन्याचा धडा होता.

"अर्ज दाखल होण्याआधी," केलर म्हणाले, "जगात कुठेही, कसंही लोकांना कळलं असेल, तर ते नवं नाही."

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "आम्ही इथे भारतात आधीच अर्ज केलेला असतो. ती तारीख धरत नाहीत?"

"एकमेकांची तारीख मानण्याचा एक करार आहे, त्यातल्या देशांची धरतात. तुमचा देश त्या करारात नाही. तुमची तारीख म्हणजे अर्ज म्युनिकला पोचेल तो दिवस."

"आणि लोकांना म्हणजे किती लोकांना?"

"एक पुरे. ज्याच्यावर गप्प बसायचं बंधन नाही, असा एक."

मी लिहायची थांबले. परबांचा इथला अर्ज ऑगस्टमध्ये झाला होता. तेव्हा साहेब त्यांना म्हणाले होते, "आता बिनधास्त राहा." आणि ऑक्टोबरात दसरा झाला होता. परबांच्या गाळ्यात पूजा होती. दार सताड उघडं, आजूबाजूच्या गाळ्यांतले लोक, नातेवाईक, प्रसादाला शिरा. मीही गेले होते. डब्यावर झेंडूचा हार होता.

परत येताना घाटकोपरकडची बस धरली आणि असल्फ्याला उतरले. परब मागाला तेल देत होते.

"काय मॅडम, अंधेरीसून थेट?" ते म्हणाले. "संपलं युरोपच्या साहेबांचं शिकवणं?"

मी दसऱ्याचं विचारलं. ते हसले. "त्या दिवशी यंत्र चालवतात काय? आदल्या दिवसापासून सगळं बंद. डब्याचं झाकण लावलेलं. लोकांनी काय बघितलं? पत्रा बघितला."

माझ्याही आठवणीत झाकण बंदच होतं. हलकं वाटलं. घरी जाऊन आईच्या जास्तीच्या डब्यातली पोळी खाल्ली.

बुधवारी जेवायला मर्सी डिमेलो आम्हा दोघांना, केलरना आणि मला, आपल्या घरी घेऊन गेली. मर्सी प्रशिक्षणाची सगळी व्यवस्था बघायची आणि मरोळ गावठाणातच राहायची. अंगणात क्रूस, त्याच्यामागे विहीर. तांदळाची भाकरी, वर्षभर बाटलीत भरून ठेवतात तो बाटलीचा मसाला घातलेली कोलंबी. कुठल्याही हॉटेलात ते मिळणार नाही, शोधू नका.

मला परबांचं यंत्र कुणाला सांगता येत नव्हतं. सांगणं हाच तर गुन्हा. म्हणून मी नुसतं विचारलं: एक बंद डबा आहे, त्यावर हार आहे, लोक आले, नमस्कार करून गेले. चालेल का?

"आत काय आहे ते कुणाला कळू शकलं नसेल तर काहीच उघड झालं नाही," केलर म्हणाले. मग त्यांनी चमचा खाली ठेवला. कुतूहल त्यांना स्वस्थ बसू देत नसे. "पूजेत नक्की काय करता?"

"फुलं वाहतात. हळद-कुंकू लावतात."

"कुंकू म्हणजे ती लाल पूड? कशाला लावता?"

"यंत्राला."

"यंत्राच्या कुठल्या भागाला?"

मी दसऱ्याचा तो डबा आठवून बघितला.

"आमच्याकडे फादर टॅक्सीवर पाणी शिंपडतात," मर्सी म्हणाली. "बॉनेट उघडायला लावतात बरं. म्हणतात, इंजिनाला आशीर्वाद पाहिजे, रंगाला काय करायचाय?"

केलर हसले. मी हसले नाही.

संध्याकाळी पुन्हा असल्फा. या वेळी परबांच्या बायको, वहिनी, गाळ्यातच होत्या. मी म्हटलं, झाकण उघडा. परबांनी चार स्क्रू काढले. आत तरफेवर कुंकवाचा सुकलेला ठिपका होता, त्यात तांदळाचा एक दाणा. वजनावर एक ठिपका. तारेच्या टोकावर एक.

परब वहिनींकडे बघत राहिले. "ठिपके मी बघितले होते, पण ध्यानात आलं नाही. तू कधी उघडलंस?"

"सकाळी. तुम्ही हार आणूक गेल्लात तेव्हा." वहिनी मला म्हणाल्या, "बाय गो, काम आत होता. झाकणाक कुंकू लावून काय उपयोग?"

"तेव्हा इथे कोण होतं?"

वहिनींनी आठवून सांगितलं. घरचेच होते. आणि एक शेजारच्या गाळ्यातले शहा, मागाचे सुटे भाग विकणारे. ते उकिडवे बसून बघत होते. तेवढ्यात परब हार घेऊन आले होते.

परब हळूच म्हणाले, "होय. आता आठवतंय, त्याने विचारलं हे काय. मी सगळं सांगितलं. दहा मिनिटं सांगितलं. मग झाकण लावून हार घातला." पुढे म्हणाले, "सणाचा दिवस होता."

शहा भला माणूस होता. पण गप्प बसायचं बंधन त्याच्यावर नव्हतं आणि सुट्या भागांच्या धंद्यात त्याची दहा कंपन्यांशी ओळख. म्युनिकमध्ये बसून कुणाला हे कळणार नाही, हे खरं. पण पेटंट मिळाल्यावर नऊ महिन्यांत एखाद्या स्पर्धकाला शहा सापडला असता, तर एका दुपारी सगळं संपलं असतं.

"पुसून टाकू?" परब म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

मी डब्यात बघत राहिले. तरफ, वजन, तार. आणि तरफेखाली एक बोटाएवढी नळी, तिच्यात चामड्याची चकती. तिच्यावर कुंकू नव्हतं.

"हे काय?"

"सायकलच्या पंपाचा वायसर," परब म्हणाले. "ते दिवाळीनंतर घातलं. तरफ झटकन पडायची, धागा जरा लवला की माग बंद. वैताग. आता नळीत हवा अडकते, तरफ सावकाश उतरते. धागा सावरला तर माग चालू राहतो. नाही सावरला तर थांबतो."

"हे कुणाला दाखवलंत?"

"कुणाला दाखवू? पंपाचा वायसर! लोक हसतील."

"गिरणीत असं कुणी केलं नव्हतं?"

"गिरणीत सगळे म्हणायचे, लवकर थांबव, आणखी लवकर थांबव. मी म्हटलं, जरा दम काढ."

म्युनिकला जायच्या आमच्या अर्जात, परबांनी नंतर दिलेल्या चित्रावरून, ती नळी एका आकृतीत होती आणि वर्णनात तिला अडीच ओळी होत्या. पाच दाव्यांपैकी एकातही ती नव्हती. ते मीच लिहिलं होतं. तरफ दिसायला देखणी होती, वर्णन करायला सोपी. वायसराकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

गुरुवारी केलरनी कल्पकतेची परीक्षा शिकवली. नुसतं नवं असून भागत नाही. त्या धंद्यातल्या साध्या कारागिराला ते सहज सुचलं नसतं, असंही असावं लागतं. "विचारा," ते म्हणाले, "तो कारागीर कुठल्या दिशेला चालला होता? तुमचा माणूस उलट गेला असेल तर तेवढं नोंदवा." मी वहीत परबांचं वाक्य लिहिलं: जरा दम काढ.

शुक्रवारी प्रशस्तिपत्रक मिळालं. निरोप घेताना केलरनी विचारलं, "मग, कुठल्या भागाला?"

"एक सोडून सगळ्यांना," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि माझा हात जरा जास्त वेळ धरला.

पवईवरून परतताना बस तलावापाशी बंद पडली. अर्धा तास उभी. मांडीवर वही ठेवून मी दावा तिथेच लिहिला. उभ्या रेघेच्या डावीकडे कुंकू लागलेलं सगळं: तरफ, वजन, तार. उजवीकडे नळी आणि चकती. एक वाक्य.

सबनीस साहेबांनी ते दोनदा वाचलं. "पाच होते," ते म्हणाले. "एक उरला."

"जो टिकेल तो उरला."

त्यांनी चष्मा पुसला. "मी त्याला बिनधास्त राहा म्हणालो होतो," ते म्हणाले आणि सही केली. शनिवारी पार्सल गेलं. सोमवारी ते त्या गुडघ्यासकट स्वतः असल्फ्याला गेले. परबांशी काय बोलले ते मला त्यांनी सांगितलं नाही.

प्रवासातून माणूस काहीतरी घेऊन येतो म्हणतात. माझ्याकडे ती वही आहे, मर्सीने दिलेला मसाला केव्हाच संपला. पण कुठलीही वस्तू हातात आली की अजून मी आधी तिचा देखणा भाग बाजूला ठेवते. दुसरं काय आहे ते बघते. ही सवय मरोळची.

पुढच्या दसऱ्याला मी वहिनींना सांगितलं होतं, अर्ज पोचला, आता नळीलाही कुंकू लावा. त्या तयार झाल्या नाहीत. "कागद येऊंदे." तीन दसरे ती नळी कोरी राहिली. चौथ्या वर्षी, दसऱ्याला पुष्कळ अवकाश असताना, म्युनिकचं पाकीट आलं. एक दावा, मंजूर. जर्मन कंपनीला आम्ही त्याच दिवशी कळवलं, आणि या खेपेला तिने बोलणी सुरू केली.

पाकीट घेऊन मी गाळ्यात गेले तेव्हा परब ते उलटसुलट करून बघत बसले. वहिनींनी ते बघितलंही नाही. त्यांनी चार स्क्रू काढले, करंडा उघडला आणि बोट कुंकवात बुडवून माझ्याकडे वळल्या.

"आता लावू?"