खंडेनवमीचा धूर

गेल्या खंडेनवमीला, सकाळच्या धारेच्या वेळी, आमच्या गल्लीतल्या काकींवर आणि त्यांच्या नुकत्याच व्यालेल्या म्हशीवर अन्याय झाला. करणारे परके नव्हते. आमच्याच तालमीची पोरं होती.

तालमीच्या दारात नवा अ‍ॅम्प्लिफायर पाटावर मांडलेला. त्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढं नारळ. आणि मागच्या बोळात, काकींच्या गोठ्याला लागून, जुना अ‍ॅम्प्लिफायर, फुटका टीव्ही आणि गणपतीच्या लायटिंगच्या वायरींचा ढीग पेटवलेला. वरचं प्लास्टिक जळालं की आतलं तांबं भंगारात घालता येतं. सणाची साफसफाई म्हणे!

ई-कचऱ्याची पत्रकं गल्लोगल्ली वाटणारी मी पोचले तेव्हा काळा, चिकट धूर गोठ्यात भरला होता.

"विझवा ते आधी!"

"ताई, आज भाषण नगं. पत्रकं दिवाळीला वाट."

"दोन मिंटांत हुतंय की," दुसरा हसत म्हणाला.

तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. काकींना दमा आहे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. दोघं बादल्या घेऊन धावले, पण नळाला पाणी नव्हतं.

"हौद्यातली माती आणा," मी म्हणाले.

एकजण आडवा आला. "आखाड्याची माती? पायताण काढून उतरतो आम्ही तिच्यात! आणि आज खंडेनवमी हाय!"

पोरांना कुस्ती शिकवणारे वस्ताद दारात उभे होते. आत गेले आणि पहिलं घमेलं स्वतः भरून आणलं. मग पोरं तुटून पडली.

मी गोठ्यात शिरले. डोळे उघडेनात. म्हैस मागं रेटत होती, दाव्याची गाठ आवळून बसलेली, रेडकू तिच्या पायांत. काकी गाठ सोडवायचं थांबत नव्हत्या. कोनाड्यातला विळा हाताला लागला, मी दावं कापलं. म्हैस मला भिंतीवर आपटून बाहेर गेली, रेडकू तिच्या मागं. मागोमाग मी काकींना बाहेर ओढलं.

बऱ्याच वेळानं त्यांना धड श्वास आला. पोरं मान खाली घालून उभी.

"नव्याला हार घातलासा," त्या म्हणाल्या. "जुन्याला काय माझं घर दिसलं व्हय रं?"

संध्याकाळी म्हशीनं पान्हा सोडला नाही. गिऱ्हाईकं चरव्या घेऊन आली आणि रिकामी परतली. आणि ताक, हळद, तेल घालून पोसलेली ती तांबडी माती बोळात काळी होऊन पडली. ती आता हौद्यात परत जायची नाही.

म्हणून सांगते. माळ्यावरचा जुना टीव्ही, वायरी, मोबाईल कुणालाही देऊन हात झटकू नका. ई-कचरा घ्यायचा परवाना असलेल्याकडंच नेऊन द्या, पावती मागून घ्या. आणि तुमच्या तालमीच्या, मंडळाच्या दारात जाऊन विचारा: नव्याची पूजा झाली, जुना कुठं हाय? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.